कार्बोरेटरची रचना आणि कसारा घाटाची चढण

प्रस्तावना : पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी 1 किलो इंधनास सुमारे 14.7 किलो हवा लागते. कार्बोरेटरमध्ये हे प्रमाण वेंचुरी या अरुंद गळ्यातील दाबफरकाने साधले जाते.

विवेचन : गळा रुंद ठेवल्यास उच्च वेगाला इंजिनास भरपूर हवा मिळते, परंतु कमी वेगाला दाबफरक अपुरा पडतो. या पेचातून उच्च क्षमतेच्या मोटारींसाठी दोन मार्ग निघाले : वेबर कार्बोरेटरमधील जोडगळे आणि एसयू कार्बोरेटरमधील हवेच्या प्रवाहानुसार वरखाली होणारा दट्ट्या. तथापि, हवेची घनता बदलल्यास या रचनाही चुकतात. मुंबईहून कसारा घाट चढून सुमारे 600 मीटर उंचीवरील नाशिकला येताना घनता सुमारे 6 टक्क्यांनी घटते. इंधनप्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने इंजिनाचा वेग तोच असता इंधन मात्र 3 टक्केच घटते. परिणामी इंधन अंशतः न जळता वाया जाते.

निष्कर्ष : इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपणात संवेदक हवेचा दाब व तापमान मोजून ही चूक सुधारतात. म्हणून अध्यापनात कार्बोरेटर कालबाह्य ठरवून वगळू नये. त्याच्या मर्यादेतूनच संवेदकाची गरज विद्यार्थ्यास उमगते.