आवाज तुटतो तेव्हा

लॅपटॉपवर गाणं लागलेलं असतं, मध्येच निरोप आल्याची टिंग वाजते, व्हिडिओ कॉलही चालू असतो. तिन्ही आवाज एकाच स्पीकरमधून नीट बाहेर पडतात. लिनक्सवर ही सरमिसळ करणारा प्रोग्राम म्हणजे ऑडिओ सर्व्हर. बरीच वर्षं हे काम पल्सऑडिओने केलं. लेनार्ट पॉटरिंगने २००४ मध्ये त्याला सुरुवात केली. २००७ च्या नोव्हेंबरात फेडोरा ८ या लिनक्स प्रणालीत तो आधीपासूनच चालू स्थितीत आला आणि तक्रारींचा पाऊस पडला. आवाज तुटतो, खरखर येते, पूर्वी सगळं ठीक होतं.

त्या तक्रारी निस्तरणाऱ्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा त्यांच्या घरचा नसे.

साउंड कार्डाला सहसा सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने लागतात. पुरवठा एक क्षण थांबला की कानाला टक् असं ऐकू येतं. पूर्वी थोडे नमुने भरायचे आणि कार्डाने हाक मारली की पुढचे द्यायचे, अशी रीत होती. त्यात प्रोसेसरला सतत उठावं लागे, बॅटरी खर्ची पडे. २००८ मध्ये पल्सऑडिओने रीत बदलली. शक्य तिथे दोन सेकंदांपर्यंतचा आवाज एकदम भरून ठेवायचा आणि तो कधी संपेल याचा हिशोब मांडून त्याच्या जरा आधी जागं व्हायचं. पण तेवढ्यात टिंग वाजवायची झाली तर? दोन सेकंद थांबून कसं चालेल? मग भरलेले पण अजून न वाजलेले नमुने मागे घ्यायचे, त्यात टिंग मिसळायची आणि पुन्हा भरायचे.

किती वाजलं आणि किती उरलं, हे कार्डाच्या ड्रायव्हरने अचूक सांगितलं तरच हा हिशोब जुळतो. कित्येक ड्रायव्हर चुकीचे आकडे देत. तोवर इतक्या काटेकोरपणे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारा आला आणि बोल त्यालाच लागला.

देखभाल करणाऱ्याच्या हातात ते कार्ड नसतं, असतो फक्त लॉग, म्हणजे सर्व्हरने लिहिलेल्या नोंदी. तो तक्रार करणाऱ्याला सांगतो: सर्व्हर बंद करा, नोंदी सविस्तर याव्यात म्हणून चार ‘व्ही’ लावून टर्मिनलमधून पुन्हा चालवा, गाणं लावा आणि जे उमटेल ते पाठवा. हजारो ओळी येतात. नमुने संपले, म्हणून जागं होण्याची वेळ आणखी अलीकडे ओढली, अशी नोंद त्यात सापडते. कधी सर्व्हरच लिहून जातो की ड्रायव्हरने दिलेला आकडा अवाच्या सवा मोठा आहे, हा बहुधा ड्रायव्हरचा दोष, तिकडे कळवा. तोवर तात्पुरती सोय म्हणून सेटिंगच्या एका ओळीत ‘टीशेड’ शून्य करायचं, म्हणजे जुनी रीत परत येते.

सगळेच दोष परके नव्हते. ॲपचा आवाज आणि कार्डाचा आवाज एकत्र बांधणारी ‘फ्लॅट व्हॉल्यूम’ची कल्पना कागदावर सुबक होती. पण एखाद्या ॲपने स्वतःला शंभर टक्क्यांवर नेलं की कार्डच शंभरावर जाई. कानात हेडफोन असलेल्या माणसाला ते भोवणारच. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने ती सोय बंद ठेवली, आणि माझ्या मते ते योग्यच केलं.

बरीचशी दुरुस्ती मात्र याहून साधी आहे. नव्या लॅपटॉपवर हेडफोन जोडला तरी आवाज स्पीकरमधूनच येतो, कारण त्या कार्डाच्या ड्रायव्हरने जॅकला वेगळंच नाव दिलेलं असतं. मग पल्सऑडिओच्या साध्या मजकुराच्या फायलीत त्या नावाच्या दोन-चार ओळी वाढवायच्या. वर्षानुवर्षं अशा ओळी साचत गेल्या. पल्सऑडिओची देखभाल करणाऱ्या फिनलंडच्या तनू कास्किनेनने या कामासाठी लोकांकडून दरमहा वर्गणी मागितली होती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये फेडोरा ३४ ने पल्सऑडिओच्या जागी विम टायमन्सचा पाइपवायर आणला. पाइपवायरमध्ये भरलेला आवाज मागे घेण्याची भानगडच नाही. पण जुन्या ॲपशी तो पल्सऑडिओच्याच भाषेत बोलतो, आणि कार्डांच्या जॅकची नावं नोंदवलेल्या त्या फायलीही त्याने तिथूनच उचलल्या आहेत.