हातोडा नको, पुलर आणा

गॅरेजमध्ये उमेदवारी करत होतो, तेव्हाची गोष्ट. एका टॅक्सीच्या इंजिनातून पुढच्या बाजूने ऑइल गळत होतं. तिथलं सील बदलायचं तर आधी क्रँकशाफ्टवरची पुली काढावी लागते. मधला बोल्ट सुटला, पण पुली जागची हलेना. उस्ताद बाहेर गेलेले. वय लहान, अंगात रग! दोन बाजूंनी दोन पहारी घातल्या, हातोड्याचे चार ठोके दिले आणि पुली हातात आली. सील बदललं, पुली परत बसवली, टॅक्सी गेली. मला वाटलं, मोठाच पराक्रम केला.

आठच दिवसांत ती टॅक्सी ओढून आणावी लागली. पट्टा उडाला होता, पाणी उकळून इंजिन तापलं होतं. टॅक्सीवाल्याचा धंदा बुडाला तो वेगळाच. उस्तादांनी पुली माझ्यासमोर धरली आणि एवढंच म्हणाले, "अरे, पुली निघाली म्हणजे काम झालं नाही. धड निघाली, तर काम झालं."

मी असं काय बिघडवलं होतं? बाहेरून ही पुली लोखंडाचा अखंड तुकडा वाटते, पण बऱ्याच गाड्यांमध्ये ती तशी नसते. आतला गाभा शाफ्टवर बसतो, बाहेरच्या कड्यावर पट्टा फिरतो आणि या दोहोंच्या मध्ये रबराचा थर असतो. इंजिनात प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला पीळ बसतो आणि तो थरथरतो. ही थरथर ते रबर आणि बाहेरचं जड कडं मिळून शोषून घेतात. मी पहारी लावल्या त्या नेमक्या बाहेरच्या कड्याला. रबर आतून फाटलं, वरून काही दिसलं नाही आणि पुढे कडं सुटून आलं. या पट्ट्यावर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालतो, अनेक गाड्यांत पाण्याचा पंपही चालतो. मग इंजिन तापणार नाही तर काय!

आता पुली एवढी अडते कशामुळे? एक तर ती शाफ्टवर मुळातच घट्ट बसवलेली असते. त्यात शिरतो गंज. लोखंड गंजलं की मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतं. फटीत वाढणारा हा गंज पाचरीसारखा काम करतो. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत तर विचारूच नका.

अशा वेळी हातोडा का चालत नाही? ठोका एका बाजूला बसतो, पुली तिरकी होते आणि आणखीच आवळते. ठोका शाफ्टच्या तोंडावर बसला तर आटे चेपतात आणि आतल्या बेअरिंगला धक्का पोचतो. पहार टेकवायची ती मागच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरवर, म्हणजे ते तडकण्याची भीती. दिव्याने तापवावं, तर रबर आणि सील दोन्ही जळतात.

पुलर मात्र शाफ्टच्या सरळ रेषेत ओढतो. मधला स्क्रू शाफ्टला रेटतो आणि बाजूचे बोल्ट पुलीला तितक्याच जोराने बाहेर खेचतात. गणित करून पाहा. पाना ३० सेंटीमीटर लांब असेल, तर एका फेऱ्यात हात जवळजवळ १८८ सेंटीमीटर फिरतो आणि स्क्रू सरकतो अवघा दीड मिलिमीटर. म्हणजे जोर साडेबाराशे पट! घर्षणात यातला नव्वद टक्के जोर गेला असं धरलं, तरी हाताने लावलेल्या वीस किलोच्या जोराचे अडीच टन होतात. तेही एकसारखे, धक्क्याविना.

पण पुलर योग्य हवा. पुली अखंड धातूची असेल, तर दोन किंवा तीन पायांचा पुलर चालतो. रबराच्या पुलीला बाहेरच्या कड्यावर पाय कधीच अडकवू नयेत. तिच्या गाभ्यात बहुधा आट्यांची दोन-तीन भोकं असतात. तिथे बोल्ट लावून ओढणारा पुलर घ्यावा. भोकं नसतील, तर गाभ्यालाच मागून धरणारा आकडा हवा.

काम सुरू करताना इंजिन थंड असावं आणि बॅटरीची वायर काढलेली असावी. गाडी उचलली असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. गंज सोडवणारं तेल सोडून थोडा वेळ जाऊ द्या. सगळे बोल्ट सारखेच आत घ्या. आट्यांची पकड पुरेशी हवी, मात्र टोक मागच्या कव्हरला टेकता कामा नये. शाफ्टच्या तोंडाशी पोलादी ठोकळी ठेवा, म्हणजे आतले आटे वाचतील. मधल्या स्क्रूला ग्रीस लावा. मग अर्धा फेरा आवळा, थांबा, पुलर सरळ आहे ना ते पाहा आणि पुन्हा अर्धा फेरा. पुलरच्या समोर तोंड आणू नका, कारण ताणलेला बोल्ट तुटला तर गोळीसारखा येतो. बहुतेक वेळा "टक्" असा आवाज होतो आणि पुली सुटते.

बसवतानाही तीच शिस्त. पुली ठोकून बसवू नये. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या मापाइतकाच आवळावा आणि पुस्तिकेत नवा सांगितला असेल तर नवाच घालावा. काही इंजिनांत पुलीला चावीची खाच नसते, सारी पकड बोल्टच्या दाबावर असते. तिथे टायमिंग लॉक न करता बोल्ट सोडला, तर वॉल्व आणि पिस्टनची टक्कर होऊ शकते. अशी गाडी जाणकाराकडेच न्यावी.

पुढच्या वेळी मेस्त्री पुलीपाशी हातोडा घेऊन उभा दिसला, तर नम्रपणे विचारा, "पुलर नाही का?" त्याला राग येईल कदाचित. पण मी केलेली चूक तुमच्या गाडीच्या वाट्याला येणार नाही.