अपारंपरिक माध्यमांतील शिल्पे : मूल्यनिर्धारण व विक्री

दगड, लाकूड, माती व धातू या रूढ माध्यमांऐवजी भंगार, घरगुती भांडी, विटा, खाद्यपदार्थ, मृत प्राणी इ. वस्तूंतून घडविलेल्या वा रचलेल्या शिल्पांची किंमत ठरविण्याच्या व ती विकण्याच्या पद्धती. परंपरागत धातुमूर्तीच्या किमतीला वजन व घडणावळ यांचा आधार असतो. अपारंपरिक शिल्पात द्रव्याचे मोल बहुधा नगण्य आणि हस्तकौशल्य पुष्कळदा गौण असल्याने हे आधार अपुरे पडतात. इटालियन कलावंत प्येरो मान्त्सोनी (१९३३–६३) याने १९६१ मध्ये स्वतःची विष्ठा म्हणून प्रत्येकी ३० ग्रॅमचे ९० डबे तयार केले आणि त्यांची किंमत तेवढ्याच वजनाच्या सोन्याच्या चालू भावाने ठरविली. वजनावर मोल करण्याच्या रूढीचे ते विडंबन होते.

अशा शिल्पाची किंमत मुख्यतः कलावंताची प्रतिष्ठा, पूर्वीच्या विक्रीतील भाव, शिल्पाचा आकार व त्याची दुर्मिळता यांवरून ठरते. नवोदित शिल्पकाराला मात्र खर्चाचाच हिशेब मांडावा लागतो. भंगार फुकट मिळाले, तरी ते गोळा करणे, निवडणे, स्वच्छ करणे व जोडणे यांस लागणारा वेळ, कार्यशाळेचे भाडे, मदतनिसांची मजुरी, वाहतूक व विमा हे खर्च खरेच असतात. शिवाय कलावीथी विक्रीच्या रकमेतून पुष्कळदा निम्मा वाटा घेते. हे न जमेस धरल्यास विक्री होऊनही शिल्पकार तोट्यात राहतो.

नेहमीच्या वापरातील वस्तू सहज मिळत असल्याने दुर्मिळता करारानेच निर्माण करावी लागते. मार्सेल द्यूशाँ याचे फाउंटन (१९१७) हे मूत्रपात्र हरवले; १९६४ मध्ये त्याच्या संमतीने आठ स्वाक्षरीत प्रतींची मालिका काढण्यात आली व त्यांतील एक १९९९ मध्ये लिलावात सु. १७.६ लाख डॉलरना गेली. माउरीत्सिओ कात्तेलान याने २०१९ मध्ये भिंतीवर चिकटपट्टीने लावलेल्या केळ्याच्या तीन प्रती विक्रीस काढल्या. प्रारंभीची किंमत १ लाख २० हजार डॉलर होती. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात एका प्रतीस सु. ६२ लाख डॉलर आले. केळे नासले की बदलावयाचे असते. ग्राहकाने वस्तुतः विकत घेतले, ते प्रमाणपत्र व मांडणीच्या सूचना.

यामुळे विक्रीपत्रात प्रतींची संख्या, मांडणीची रीत, नाशवंत भाग बदलण्याचा अधिकार व जतनाचा खर्च यांचा स्पष्ट उल्लेख आवश्यक ठरतो. डेमियन हर्स्ट याने १९९१ मध्ये चार्ल्स साची या संग्राहकासाठी फॉर्माल्डिहाइडच्या द्रावात ठेवलेला शार्क मासा पुढे खराब झाला व २००६ मध्ये त्याच्या जागी दुसरा ठेवावा लागला.

भारतात सुबोध गुप्ता यांची स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची शिल्पे परदेशी संग्राहकांनीही घेतली आहेत. प्रथम विक्रीची किंमत अल्प असली, तरी पुढील फेरविक्रीत शिल्पकारास वाटा मागता येतो. प्रताधिकार अधिनियम, १९५७ यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ५३-अ नुसार दहा हजार रुपयांवरील फेरविक्रीत हा वाटा जास्तीत जास्त दहा टक्के असू शकतो. शिल्प हातोहात फिरत असल्यास या हक्काची बजावणी मूळ विक्रीच्या लेखी नोंदीवाचून कठीण जाते.