विश्लेषण : मेंदूत पाणी साचलेली बाळे आणि संशोधनाची वाट

बालमेंदू शल्यचिकित्सा म्हटले की डोळ्यांसमोर शस्त्रक्रियागृह येते. मात्र या क्षेत्रातील काही अत्यंत उपयोगी उत्तरे शस्त्रक्रियेनंतर मुलांचे वर्षानुवर्षे काय होते, हे चिकाटीने नोंदवणाऱ्या डॉक्टरांनी शोधली. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यासाठी हे संशोधन का महत्त्वाचे?

हायड्रोसेफॅलस म्हणजे काय?

मेंदूतील पोकळ्यांमध्ये सतत द्रव तयार होतो आणि रक्तात शोषला जातो. ही वाट अडली की द्रव साचतो. तान्ह्या बाळाची कवटी जुळलेली नसल्याने डोके झपाट्याने वाढते, टाळू फुगते, नजर खाली झुकते. जन्मजात दोष, मेंदूतील संसर्ग किंवा रक्तस्राव ही त्याची प्रमुख कारणे. उपचार लांबले तर दृष्टी आणि बुद्धी यांचे नुकसान होते.

नळी बसवली की प्रश्न सुटतो?

नेहमीचा उपाय म्हणजे ‘शंट’. मेंदूतील जादा द्रव पोटात सोडणारी ही बारीक नळी त्वचेखालून जाते. पण ती तुंबते, तिला संसर्ग होतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३४४ मुलांवर तीन प्रकारच्या झडपा तपासल्या गेल्या. कोणतीही झडप सरस ठरली नाही आणि दोन वर्षांत निम्म्याहून अधिक शंट निकामी झाले.

भारतीय शंटची परीक्षा युगांडात का?

उत्तर प्रदेशातील शहाजहानपूरला तयार होणारा ‘छाब्रा शंट’ स्वस्त आहे. स्वस्त म्हणून तो कमी प्रतीचा आहे का? अमेरिकी शल्यचिकित्सक डॉ. बेंजामिन वॉर्फ यांनी युगांडातील १९५ मुलांमध्ये त्याची तुलना कित्येक पट महाग शंटशी केली. २००५ च्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर दोन्हींचे परिणाम सारखेच होते. गरीब देशांतील रुग्णालयांसाठी हा मोठा दिलासा होता.

नळीला पर्याय आहे का?

दुर्बिणीने मेंदूतच द्रवाला नवी वाट करून देता येते. ही शस्त्रक्रिया कोणत्या मुलात यशस्वी होईल, याचा अंदाज वय, कारण आणि आधीचा शंट या तीन गोष्टींवरून बांधण्याची गुणपद्धती टोरंटोचे डॉ. अभय कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडली. पुढे युगांडातील १०० बाळांवरील त्यांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळांच्या बौद्धिक विकासात वर्षभरानंतर दोन्ही उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या क्षेत्रात येण्यासाठी काय करावे लागते?

एमबीबीएसनंतर एमएस आणि तीन वर्षांचे एमसीएच, किंवा थेट सहा वर्षांचा डीआरएनबी अभ्यासक्रम. त्यानंतर लहान मुलांच्या शस्त्रक्रियांचे विशेष प्रशिक्षण. संशोधन करायचे तर संख्याशास्त्र, नोंदींची शिस्त आणि पालकांशी वर्षानुवर्षे संपर्क ठेवण्याची तयारीही हवी.

जिल्ह्यात काय करता येईल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुले तपासतात. मज्जारज्जूचे जन्मजात दोष त्यांच्या यादीत आहेत. अशा अनेक बाळांना हायड्रोसेफॅलसही होतो. टेपने डोक्याचा घेर मोजणे हा सर्वांत स्वस्त तपास. खरी अडचण पुढे आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधील ऊसतोड कुटुंबे हंगामात कारखान्यांच्या परिसरात जातात आणि शंट बसवलेले मूल नोंदींतून निसटते. अशा मुलांचा पाठपुरावा कसा टिकवायचा, हा जिल्ह्यातूनच सुटू शकणारा संशोधनाचा प्रश्न आहे.

प्रतिबंधाचा मार्गही संशोधनानेच दाखवला. आधीच्या बाळात असा दोष असलेल्या मातांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास पुन्हा तो होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत दिसले. गोळ्या दिवस राहिल्यानंतर नव्हे, आधीपासून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

शंट असलेल्या मुलाला वारंवार उलट्या, डोकेदुखी, गुंगी किंवा ताप आला तर वाट पाहू नये. शस्त्रक्रियेचे कागद आणि शंटचा प्रकार यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. गावापासून दूर असताना नव्या डॉक्टरांना त्याचीच सर्वाधिक मदत होते.