बाईचा रोज, गड्याचा रोज
शेतमजुरीच्या बाजारातील फरक, शिक्षणाचा परतावा आणि आपले तंत्रज्ञान

केंद्र सरकारचे श्रम ब्युरो ग्रामीण मजुरीचे दर दरमहा प्रसिद्ध करते. निवडक नमुना गावांतून हे दर गोळा केले जातात. नांगरणी, पेरणी, लावणी, निंदणी, कापणी, मळणी अशा कामांनुसार पुरुषांचा दर एका रकान्यात आणि स्त्रियांचा दुसऱ्या रकान्यात छापलेला असतो. समान कामासाठी समान मोबदला देणारा अधिनियम १९७६ साली झाला आणि २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावून घेतला गेला. तरीही हे दोन रकाने एकमेकांशी जुळल्याचे क्वचितच दिसते.

कायदा मोडला जातो म्हणून असे होते, हे उत्तर अर्धवट आहे. बहुतेक गावांत कायदा मोडण्याची वेळच येत नाही, कारण समान काम मुळात दिलेच जात नाही. नांगरणी, वखरणी, फवारणी ही गड्याची कामे. निंदणी, खुरपणी, भातलावणी, कापूसवेचणी ही बाईची. कामांची अशी वाटणी एकदा रूढ झाली की दोन वेगळ्या कामांचे दोन वेगळे दर ठरतात आणि कागदोपत्री भेदभावाचा प्रश्नच उरत नाही. निंदणीचे काम ‘हलके’ म्हणून त्याचा दर कमी, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. दिवसभर वाकून किंवा उकिडवे बसून, पिकाच्या रोपाला धक्का न लावता तण उपटणे हे काम कोणत्या अर्थाने हलके आहे, याचा विचार हा युक्तिवाद करणारे करत नाहीत.

कामाच्या दराचे मोजमापही येथे पाहण्यासारखे आहे. कापूसवेचणीचा दर किलोवर ठरतो. तेथे हात जितका चालेल तितके पैसे मिळतात आणि सराईत वेचणारी स्त्री पुरुषाला सहज मागे टाकते. रोजंदारीत मात्र प्रत्येकाने किती काम केले हे मालकाला नेमके कळत नाही, आणि जेथे माहिती अपुरी असते तेथे समजुती तिची जागा घेतात. ‘बाईकडून काम कमी होते’ ही त्यांपैकीच एक समजूत. व्यक्तीची पारख करता येत नाही तेव्हा तिच्या गटाविषयीच्या सरासरी समजुतीवरून तिचे मोल ठरवणे, याला अर्थशास्त्रज्ञ सांख्यिकीय भेदभाव म्हणतात. एडमंड फेल्प्स यांनी १९७२ साली ही कल्पना मांडली.

उत्तर आणि दक्षिण

डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० साली एक कोडे मांडले होते. दक्षिण भारतात स्त्रिया शेतमजुरीसाठी मोठ्या संख्येने घराबाहेर पडतात, उत्तरेत तुलनेने कमी. मग स्त्री-पुरुषांच्या मजुरीतील तफावत दक्षिणेत कमी असायला हवी. प्रत्यक्षात ती तेथेच अधिक आढळते. कनिका महाजन आणि भरत रामस्वामी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे कोडे आकडेवारीच्या साहाय्याने तपासले. उत्तर आणि दक्षिण राज्यांतील तफावतीत जो फरक आहे, त्यापैकी निम्म्याहून अधिक फरकाचा उलगडा स्त्री-श्रमाच्या पुरवठ्यावरून होतो, असे त्यांना दिसले. मजुरीसाठी येणाऱ्या स्त्रिया जितक्या अधिक, तितका त्यांचा दर खाली.

या पुरवठ्यामागे जात आहे. प्रतिष्ठेपायी उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांना दुसऱ्याच्या शेतावर जाऊ दिले जात नाही. दलित, आदिवासी आणि मागास जातींतील स्त्रियांना ही प्रतिष्ठा परवडत नाही. म्हणजे बाईचा रोज ठरवताना तिचे बाई असणे आणि तिची जात, दोन्ही एकाच वेळी काम करत असतात. यातून एक अप्रिय निष्कर्षही निघतो. ‘स्त्रियांना अधिक काम उपलब्ध करून द्या’ एवढ्याने तफावत मिटणार नाही. त्याच त्या तीन-चार कामांत अधिक स्त्रिया लोटल्या, तर दर आणखी घसरण्याचाच संभव अधिक.

त्यात अंतराची भर पडते. गावातला पुरुष मोटारसायकलवर बसून तालुक्याच्या ठिकाणी, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाऊ शकतो. पाणी, चूल आणि लहान मूल सांभाळून काम करणाऱ्या स्त्रीचा बाजार पायी जाता येईल तेवढ्याच परिघात संपतो. त्या परिघात मजूर लावणारे शेतकरी मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे असतात. ‘आपल्या गावात यंदा एवढाच रोज’ हे हंगामाच्या तोंडावर बोलता बोलता ठरून जाते. श्रम विकत घेणारे थोडे असले की मजुरी श्रमाच्या उत्पादक मूल्याहून खाली राहते, हा जोन रॉबिन्सन यांचा १९३३ मधील सिद्धान्त कारखान्यांपेक्षा खेड्यांना अधिक लागू पडतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा पर्याय हाताशी असला तर

या परिघाला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रातच बसला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. खोदलेली माती मोजून, स्त्री-पुरुष असा भेद न करता एकच दर देण्याची पद्धत तेथे होती. १९८८ साली किमान वेतनाशी सांगड घातल्यामुळे योजनेची मजुरी जवळपास दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हालियन आणि सहकाऱ्यांनी त्यानंतरच्या काळाचा अभ्यास केला, तेव्हा मागेल त्याला काम या वचनाला कात्री लागल्याचे त्यांना आढळले. दर वाढला, पण कामे अपुरी पडू लागली. हमीची किंमत सरकारने पूर्णपणे उचलली नाही, तर हमी कागदावर राहते, हा धडा पुढच्या प्रत्येक योजनेसाठी मोलाचा आहे.

२००५ च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली. गावापासून पाच किलोमीटरच्या आत काम, आणि लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, अशा तरतुदी त्यात होत्या. क्लेमेंट इंबर्ट आणि जॉन पॅप यांच्या २०१५ मधील अभ्यासानुसार ही योजना ज्या जिल्ह्यांत आधी पोहोचली, तेथे कोरड्या हंगामात खासगी मजुरीही सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढली. जिने रोजगार हमीच्या कामावर पाऊलही ठेवले नाही, अशा स्त्रीच्या रोजातही त्यामुळे फरक पडला. दुसरीकडे जाण्याची शक्यता असणे हीच तिची सौदाशक्ती ठरली. मजूर महागले, ही तेव्हाची शेतकऱ्यांची तक्रार खरी होती. ज्यांचे स्वतःचे उत्पन्न हमीभावाच्या आसपास घुटमळते, त्या लहान शेतकऱ्यांना हा भार जाणवणारच. पण त्या तक्रारीवरचा उपाय स्वस्त बाईचा रोज हा असू शकत नाही.

शाळा शिकून काय मिळते?

दहावी झालेली आणि अक्षरओळख नसलेली, अशा दोघी एकाच शेतात खुरपणीला बसल्या तर दोघींना रोज सारखाच मिळतो. मग शिक्षणाचा परतावा कोठे मिळतो? १९७९ साली आर्थर लुईस यांच्यासह नोबेल मिळालेले थिओडोर शुल्ट्झ यांचे उत्तर असे होते की, परिस्थिती बदलते तेव्हा शिक्षण कामी येते. पिढ्यान्‌पिढ्या तेच बी आणि तीच पद्धत असेल, तर अनुभव पुरतो. नवे वाण, नवे खत, नवी कीड आली की माहिती वाचून, तोलून निर्णय घेणारा पुढे जातो. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी १९९६ साली भारतातील हरितक्रांतीच्या काळातील कुटुंबांच्या आकडेवारीवरून हे दाखवून दिले. संकरित व सुधारित वाणांमुळे जेथे उत्पादकता झपाट्याने वाढली, तेथे प्राथमिक शिक्षणाचा परतावा वाढला आणि मुलांना शाळेत घालण्याचे प्रमाणही वाढले.

हा परतावा मात्र निर्णय घेणाऱ्याच्या पदरात पडतो, हात चालवणाऱ्याच्या नव्हे. शेतीतील निर्णय कोणाचा, हे बहुधा सातबाऱ्यावरील नावावरून ठरते. आपल्या प्रशिक्षण वर्गांची निमंत्रणे त्याच नावाने जातात. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत आहेत, पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के. शेतीविषयक ज्ञान मात्र उलट प्रमाणात वाटले जात आहे.

शेती सोडून बाहेर पडणाऱ्यांच्या वाट्याला काय येते, याचे एक उदाहरण मुंबईतले आहे. कैवन मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांनी दादरमधील शाळांत शिकलेल्या वीस वर्षांतील विद्यार्थ्यांचा मागोवा घेऊन २००६ साली निबंध प्रसिद्ध केला. नव्वदच्या दशकात इंग्रजी माध्यमातील शिक्षणाचा परतावा वेगाने वाढला. तरी कष्टकरी जातींतील मुलगे मराठी माध्यमात आणि पुढे बापाच्याच कामाच्या वाटेवर राहिले, कारण ते काम मिळवून देणारी जातभाईंची ओळख त्यांच्या पाठीशी होती. त्यांच्या बहिणींना अशी ओळख कधीच नव्हती. त्या इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि भावांच्या पुढे गेल्या. जे जाळे एका पिढीला तारते, तेच पुढच्या पिढीला अडकवू शकते.

ओळखीचे जाळे ओलांडले तरी दार उघडतेच असे नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पात्रतेने समान, फक्त आडनावाने वेगळे असे अर्ज पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. पदवी सारखी असूनही परतावा वेगळा. आज आपण शेतीतून ‘अतिरिक्त’ मनुष्यबळ बाहेर काढण्याची भाषा करतो. तीच गोष्ट डॉ. आंबेडकरांनी १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवरील लेखात सांगितली होती. जमिनीवरचा भार हलका करण्यासाठी उद्योग वाढले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. उद्योगाच्या दारात कोणाला घेतले जाते, हा प्रश्नही त्यांच्याच पुढच्या लेखनात येतो.

एक कोयता

या साऱ्या गोष्टी एकाच ठिकाणी पाहायच्या असतील, तर ऊसतोडीकडे पाहावे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात लाखो माणसे साखरपट्ट्यात जातात. हिशेबाचे एकक असते ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल टनामागच्या दराने फेडायची. पुरुष ऊस तोडतो; स्त्री पाचट बाजूला करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. तो वाढला कोयत्याचा. बाईचा वेगळा दर नाही, म्हणून तिच्या दराची तफावतही कोणत्या तक्त्यात दिसत नाही.

उक्त्या मजुरीत शरीर झिजते. फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग यांनी फिलिपिन्समधील बुकिडनॉन प्रांतात १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेच मजूर रोजंदारीपेक्षा उक्त्या कामावर अधिक उष्मांक घेऊनही वजन गमावतात, असे नोंदवले आहे. ऊसतोडीत तर एक दिवस खाडा झाला की दंड लागतो आणि उचल अंगावर राहते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी आली, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत सुमारे १३,८०० जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी श्रमबाजाराची नाहीत. पण पाळीच्या दिवसांतला खाडा परवडत नाही, असे त्या स्त्रिया सांगत असतील, तर मजुरीची पद्धत हाही आरोग्याचा विषय ठरतो.

मजूरबचत कोणाची?

आपल्या शिफारशींत ‘मजूरबचत’ हा शब्द गुण म्हणून येतो. तणनाशक, रोटाव्हेटर, भातलावणी यंत्र यांपैकी कोणतेही साधन घ्या, वाचणारे दिवस मुख्यतः स्त्रियांचे असतात. फरझाना आफ्रिदी, मोनिशंकर बिष्णू आणि कनिका महाजन यांच्या अभ्यासानुसार १९९९ ते २०११ या काळात यांत्रिक मशागत वाढल्यामुळे शेतीतील स्त्री-श्रमाचा वापर २२ टक्क्यांहून अधिक घटला, कारण खोल मशागतीने तण कमी झाले. त्या स्त्रियांना शेतीबाहेर तेवढे काम मिळाले नाही. वाणांच्या बाबतीतही हेच होते. ‘फुले विक्रम’सारखे उंच, सरळ वाढणारे हरभऱ्याचे वाण यंत्राने काढणीस योग्य म्हणून शेतकऱ्यांना हवे असतात, आणि ते योग्यच आहे, हरभऱ्याची आम हाताला झोंबते, ती काढणी सुखाची नसते. यंत्र नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

मागणी एवढीच की चाचणी अहवालात ‘मनुष्यदिवस’ हा एकच आकडा न देता कोणाचे किती दिवस वाचले, कोणत्या महिन्यात वाचले, आणि त्या महिन्यात त्या गावात दुसरे काम होते का, हे नोंदवावे. अवजारे भाडेतत्त्वावर देणाऱ्या केंद्रांत चालक म्हणून स्त्रियांना प्रशिक्षण द्यावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५ हजार बचतगटांना ड्रोन देण्याचे ठरले. फवारणी हे गड्याचे काम ही वाटणी त्यातून निदान कागदावर तरी मोडली. ऊसतोडणी यंत्रांच्या खरेदीलाही अनुदान मिळते. ते यंत्र एका फडात उतरले की कित्येक कोयते मोकळे होतात, आणि यंत्रावर चालकाची जागा एकच असते. त्या जागेसाठी प्रशिक्षणाच्या यादीत कोयत्याच्या कोणत्या अर्ध्याचे नाव येते, हे येत्या हंगामात पाहता येईल.