खापर सुनेच्या माथी का?

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा विषय मिटवून टाकतो. जेवून उठलेली सासू शेजारणीला 'मला कोणी जेवायला देत नाही' असे सांगते आणि सारी चाळ सुनेला नावे ठेवते. पुष्कळदा यामागे डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार असतो, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

गोव्यातील लोकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले. लोकांना हा आजार वाटतच नव्हता. कुणी म्हणे वयच झाले, कुणी म्हणे मुलांनी हेळसांड केली. जी रात्रंदिवस करते तिलाच बोल!

संशोधनातही गरिबांची उपेक्षाच होती. या आजाराचे दोन-तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत, पण वस्त्यांमध्ये जाऊन होणाऱ्या संशोधनाचा दहावा हिस्साही त्यांच्या वाट्याला येत नव्हता. म्हणून १९९८ साली जमलेल्या संशोधकांनी आपल्या गटाचे नावच '१०/६६' ठेवले.

याच गटाशी संबंधित डॉ. अमित डायस व सहकाऱ्यांनी गोव्यात तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांतील ८१ कुटुंबांना सोबत घेऊन एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. घरोघरी जाणारे कार्यकर्ते बडे डॉक्टर नव्हते. स्थानिक भाषा बोलणारी, बारावी झालेली, म्हाताऱ्यांविषयी आस्था असलेली ही माणसे होती. त्यांना प्रशिक्षण दिले होते आणि पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होते. निम्म्या कुटुंबांकडे ती सहा महिने, किमान पंधरवड्यातून एकदा जात. आजार समजावून सांगत, रुग्ण चिडला तर काय करावे ते सांगत, सरकारी योजनांची माहिती देत. बाकीच्या कुटुंबांना फक्त आजाराची माहिती दिली. ही मदत त्यांना सहा महिन्यांनंतर मिळणार होती.

आजार बरा झाला नाही. तो बरा करणारे औषध आजही नाही. पण भेटी मिळालेल्या घरांत सांभाळणाऱ्या माणसाच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. दार उघडणारी ती कुटुंबे नसती, तर ही गोष्ट सिद्धच झाली नसती.

भगिनींनो, आम्हाला यातून दोन गोष्टी सांगायच्या आहेत. विसर वाढू लागला की आधी सरकारी रुग्णालयात तपासणी करा. थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर उपचार होऊ शकतो. आणि उद्या कुणी अभ्यासासाठी दारी आले तर हाकलू नका, पण विचारा: हे कशासाठी? निष्कर्ष आम्हाला सांगणार का? आमच्या वस्तीला काय मिळणार? समजल्याशिवाय सही करू नका. नाही म्हणण्याचा हक्क तुमचाच आहे.

बारावी झालेल्या, काम शोधणाऱ्या मुली आपल्या वस्त्यांत कमी नाहीत. गोव्यात जे जमले ते महिला मंडळांनी मनावर घेतले, डॉक्टरांना सोबत घेतले, तर आपल्याकडे का जमू नये?