जेवलास का, असं विचारणारा फोन

मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि काही दिवसांतच महाविद्यालयांना सुट्टी जाहीर झाली. आदेश ३१ मार्चपर्यंतचा होता. वसतिगृहातल्या मुलांनी सॅकमध्ये दोन जोड कपडे, चार्जर आणि फार तर एखादं पुस्तक कोंबलं आणि एसटी पकडली. पंधरा दिवसांचाच तर प्रश्न होता! कॉटखालची पेटी, पेटीतल्या नोट्स, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, सगळं जिथल्या तिथे राहिलं. पुढे कित्येक वसतिगृहं विलगीकरणासाठी ताब्यात घेतली गेली. खोल्या रिकाम्या करताना मुलांचं सामान बोचक्यांत बांधून एकावर एक रचलं गेलं. पावसाळा उलटल्यावर ते न्यायला आलेल्या काहींच्या हाती बुरशी धरलेल्या वह्या आल्या.

त्या दिवसांत मुलांना उपदेश करणाऱ्यांना तोटा नव्हता. संकटात संधी शोधा, नवं कौशल्य शिका, वेळ वाया घालवू नका, असे संदेश सकाळ-संध्याकाळ येत. त्यात न्यूटनची गोष्ट हमखास असायची. १६६५ साली इंग्लंडमध्ये प्लेग पसरला, केंब्रिज विद्यापीठ बंद झालं, बावीस वर्षांचा न्यूटन वूल्सथॉर्पच्या घरी परतला आणि तिथे त्याने प्रकाश, गुरुत्वाकर्षण आणि कलनशास्त्रावर मूलभूत विचार केला. यात खोटं काही नाही. मात्र त्याच वर्षी त्याची पदवी हातात पडली होती आणि घरी शेतीवाडी होती, हे सांगायचं राहून जाई. ज्याच्या वडिलांचं काम टाळेबंदीत सुटलं, घरात एकच मोबाइल आणि त्यावर धाकट्या बहिणीचीही शाळा, अशा मुलाला ही गोष्ट ऐकून उभारी कशी येणार? आपणच कमी पडतोय, एवढंच त्याच्या मनात ठसायचं.

मुलांना आजाराची भीती होतीच. पण महिनोन्‌महिने त्यांना पोखरलं ते पुढे काय होणार हे न कळण्याने. अंतिम वर्षाच्या परीक्षेचंच पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिलच्या अखेरीस एक मार्गदर्शक सूचना काढली. जूनमध्ये राज्य सरकारने परीक्षा न घेण्याचा निर्णय केला. ६ जुलैला आयोगाने सुधारित सूचना काढून सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच असं बजावलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २८ ऑगस्टला निकाल आला की परीक्षेशिवाय अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही. मुदत वाढवून हवी तर राज्यांनी ती आयोगाकडे मागावी. शेवटी बहुतेक ठिकाणी ऑक्टोबरमध्ये घरबसल्या बहुपर्यायी पेपर झाले आणि काही विद्यापीठांत सर्व्हर बंद पडल्याने तेही पुढे ढकलावे लागले. म्हणजे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत पोरांनी पुस्तक उघडायचं की मिटायचं, हेच ठरत नव्हतं. त्यातच व्हॉट्सॲपवर खोटी परिपत्रकं फिरायची. कृषी महाविद्यालयांतल्या काही मुलांच्या गुणपत्रिकांवर तर ‘प्रमोटेड कोविड-१९’ असा शिक्का आला. टीका झाल्यावर तो काढून टाकायला सांगण्यात आलं, पण तोवर आपल्या पदवीला कोण विचारणार, ही धास्ती घरोघरी पोचली होती.

ऑनलाइन वर्गाची तऱ्हा तशीच. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक होता तो साडेचार टक्क्यांहूनही कमी घरांत. शहरांतही इंटरनेट निम्म्या घरांपर्यंत पोचलेलं नव्हतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. तिथल्या मुलांच्या दृष्टीने वर्गाची लिंक असली काय नि नसली काय, सारखीच. कोकणातल्याच एका विद्यार्थिनीची बातमी त्या पावसाळ्यात गाजली. गावात रेंज नाही म्हणून ती रोज डोंगरावर जाऊन बसायची. पावसाने बसवेना तेव्हा तिच्या भावांनी तिथे खोप उभारून दिली. वर्तमानपत्रांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण जिद्द तिची एकटीची नव्हती. कुणीतरी लाकडं वाहिली, कुणीतरी वर ताडपत्री ताणली. मुलांना धीर द्यायचा म्हणजे काय करायचं, याचं उत्तर त्या खोपीत सापडतं.

महाविद्यालयांत ‘मेंटॉर-मेंटी’ नावाची एक योजना असते. वीस-पंचवीस मुलांमागे एक प्राध्यापक. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाहणीसाठी तिची फाइल चोख ठेवली जाते आणि एरवी ती कपाटात राहते. टाळेबंदीत अनेक प्राध्यापकांनी तीच यादी बाहेर काढली आणि एकेका नावापुढचा नंबर फिरवायला सुरुवात केली. निम्मे नंबर बंद, काही वडिलांचे, काही शेजाऱ्यांचे. फोन लागला की पहिली दोन मिनिटं ‘सर, आवाज येतोय का?’ यातच जायची. ‘थांबा सर, जरा बांधावर येतो.’ मग वाऱ्याचा आवाज, आणि थोड्या वेळाने पोरगा बोलू लागायचा. ‘जेवलास का? घरी सगळे बरे आहेत ना?’ एवढ्या दोन प्रश्नांत अभ्यासाचं नावसुद्धा नसायचं. तरी फोन ठेवता ठेवता तोच विचारायचा, ‘सर, त्या तिसऱ्या युनिटच्या नोट्स मिळतील का?’

अशा साध्या चौकशीने धीर येतो, हा निव्वळ भाबडेपणा नाही. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून पत्रं पाठवली. पत्रात उपदेश नव्हता की कसली मागणी नव्हती. चौकशीच्या दोन-तीन ओळी, बस्स. उरलेल्यांना काहीच पाठवलं नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पत्रं मिळालेल्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण कमी दिसलं, आणि पहिल्या दोन वर्षांत तर हा फरक ठळक होता. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ सालची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही फार निराळं सांगत नाही. माणसाकडे पाहा, त्याचं ऐका, आणि त्याला लागेल त्या मदतीशी जोडून द्या. यात भाषणाला कुठेच जागा नाही.

जोडून देणं हे तिसरं काम सगळ्यांत जिकिरीचं. ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात किंवा बागेत तासावर काम करून महिन्याची मेस भागवणाऱ्या मुलांचं उत्पन्न महाविद्यालयाच्या फाटकाबरोबरच बंद झालं. अशा मुलाला ‘सकारात्मक राहा’ म्हणण्यापेक्षा त्याच्या नंबरवर रिचार्ज मारणारा, घरातला जुना मोबाइल दुरुस्त करून धाडणारा, फीचे हप्ते पाडून देण्यासाठी प्राचार्यांकडे खेटे घालणारा माणूस मोलाचा होता. पुण्यातल्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं अडकून पडली, मेस बंद, खानावळी बंद. तेव्हा काही संस्थांनी आणि शेजारपाजारच्या घरांनी त्यांना डबे पोचवले. त्याच मुलांची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली. १४ मार्च २०२१ ची तारीख तीन दिवसांवर आली असताना तीही रद्द झाल्याचं कळलं, तेव्हा मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली. लगोलग नवी तारीख द्यावी लागली आणि २१ मार्चला परीक्षा झाली. मुलांना तेव्हा सहानुभूतीपेक्षा एक पक्की तारीख हवी होती.

त्यानंतर दुसरी लाट आली. फेब्रुवारीत अर्ध्या हजेरीने उघडलेली महाविद्यालयं पुन्हा मिटली, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली आणि जानेवारीत तिसऱ्यांदा बंद झाली. या मधल्या काळात वडील गेले, आई गेली, आजी गेली असे निरोप वर्गाच्या ग्रुपवर येत राहिले. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागायची आणि त्याखाली उद्याच्या लेक्चरची लिंक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत २०१९ साली देशातल्या १०,३३५ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे आणि २०२० साली १२,५२६. प्रत्येकामागचं कारण वेगळं असेल, सगळा दोष महामारीच्या माथी मारता येणार नाही. पण एका वर्षात दोन हजारांहून अधिक मुलांची भर पडते, तेव्हा हा प्रश्न त्या त्या घरापुरता उरत नाही.

आता वर्ग भरतात, वसतिगृहांच्या दोऱ्यांवर पुन्हा कपडे वाळतात. त्या तीन वर्षांतली मुलंमुली आज कुठे ना कुठे नोकरीत आहेत, काही अजून शोधात आहेत. निरोप समारंभ नाही, शेवटच्या दिवसाचा फोटो नाही, आणि काहींनी तर सोबतच्या मित्राचा निरोप घेण्याआधीच त्याला गमावलं. याबद्दल त्यांना फारसं कुणी विचारलेलंच नाही. तुमच्या घरात, गल्लीत, कार्यालयात त्या बॅचचं कुणी असेल तर एकदा सवडीने विचारा, आणि उत्तर लांबलं तरी ऐकून घ्या. बोलणं आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक द्या. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.